एक रुपयाला पिन टाकला अन् दर महिन्याला पैसे कटायला लागले; परवानगी कुठून काढायची, पैसे कुणाला मागायचे?

खरिपाच्या तोंडावर बँकेत गर्दी वाढते. पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं, बी-बियाण्याला पैसे काढायचे असतात आणि त्या निमित्ताने कित्येक महिन्यांनी पासबुक भरून घेतलं जातं. मग त्यात काही ओळी अशा निघतात की त्यांचा उलगडा होत नाही. 99 रुपये, 199 रुपये, 499 रुपये. कुणाला गेले, कशाचे गेले, घरात कुणालाच सांगता येत नाही. काउंटरवर विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "तुम्हीच परवानगी दिलीय, मोबाईलमध्ये बघा."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. परवानगी बहुतेक वेळा आपल्याच फोनवरून गेलेली असते, ही गोष्ट खरी. पण ती परवानगी कोणत्याही दिवशी, एक रुपयाही न देता मागे घेता येते. पैसे कटण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड करून ठेवली असेल तर ती कायद्याने अनुचित प्रथा ठरते. हा उरलेला अर्धा भाग काउंटरवर कुणी सांगत नाही. गावागावांत हे पैसे गुपचूप कटत राहतात, त्याचं मोठं कारण हेच आहे.

एका रुपयाची मेख

फोनवर रील बघता बघता जाहिरात येते. कधी भजन-आरतीचं ॲप, कधी राशीभविष्याचं, कधी छोट्या मालिकांचं, तर कधी पोरांना इंग्रजी शिकवणारं. "फक्त 1 रुपयात 7 दिवस वापरा" असं लिहिलेलं असतं. एक रुपयाने काय होतंय, म्हणून माणूस बटण दाबतो, यूपीआयचा पिन टाकतो आणि विसरून जातो.

एक रुपयाचा आपल्याकडे कुणाला संशयही येत नाही. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता, 2025 च्या खरिपाला तो बंद झाला. एक रुपया भरून काहीतरी मिळतं, ही सवय शेतकऱ्याला होतीच. पण विम्याचा तो रुपया एकदाच द्यायचा होता. ॲपचा रुपया म्हणजे नुसतं दार उघडणं असतं.

पिन टाकायच्या आधी जो पडदा समोर येतो, तो बहुतेक जण वाचत नाहीत. त्यावर चार गोष्टी असतात. एक, पैसे घेणाऱ्याचं नाव. दोन, रक्कम, आणि तिच्यापुढे "पर्यंत" अशा अर्थाचा शब्द. तीन, किती दिवसांनी पैसे घेणार, म्हणजे आठवड्याला, महिन्याला, तीन महिन्यांना की वर्षाला. चार, ही परवानगी कोणत्या तारखेपर्यंत चालणार. तिथे आज एक रुपया कटणार असं दिसत असलं, तरी पिन टाकून आपण पुढच्या सगळ्या हप्त्यांना होकार देत असतो.

या कायमच्या परवानगीला मँडेट म्हणतात आणि यूपीआयवरच्या या सोयीला ऑटोपे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ती जुलै 2020 मध्ये सुरू केली. सोय म्हणून ती वाईट नाही. वीजबिल, विम्याचा हप्ता, मोबाईलचा रिचार्ज वेळेवर जातो. पण पहिल्यांदा पिन टाकला की पुढच्या प्रत्येक वेळी तो लागत नाही. सर्वसाधारण व्यवहारांना ही मुभा 15 हजार रुपयांपर्यंत आहे. त्याच्या वरच्या रकमेला पुन्हा मंजुरी लागते. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डचं बिल यांना डिसेंबर 2023 पासून ती 1 लाखापर्यंत केली आहे. म्हणजे 199 आणि 499 रुपयांच्या वसुलीला फोन काहीच विचारत नाही.

रक्कम लहान, हिशेब मोठा

महिन्याला 199 रुपये म्हणजे वर्षाला 2,388 रुपये. पीएम-किसानचा एक हप्ता 2,000 रुपयांचा असतो. एक अख्खा हप्ता एका ॲपला जातो आणि वर 388 रुपये पदरचे. तीन महिन्यांना 499 रुपये असतील तर वर्षाचे 1,996 होतात. लाडक्या बहिणीच्या 1,500 रुपयांतून दर महिन्याला 199 गेले तर शंभरातले तेरा रुपये हातात येण्याआधीच गेले.

नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार पडतो आणि तो अधूनमधून खातं बघतो. शेतकऱ्याच्या खात्यात पैसा महिन्याच्या तारखेला येत नाही. सोयाबीन विकलं तेव्हा, कापसाची पट्टी झाली तेव्हा, उसाचं बिल पडलं तेव्हा, नाहीतर अनुदान आलं तेव्हा. मधल्या काळात खातं रिकामं असतं, वसुली अडते आणि माणसाला वाटतं की ते प्रकरण संपलं. पण मँडेट जिवंतच राहतं. पहिली मागणी फसली तर कंपनी पुन्हा मागते. 1 ऑगस्ट 2025 पासून एका वसुलीसाठी एक प्रयत्न आणि त्यावर जास्तीत जास्त तीन फेरप्रयत्न अशी मर्यादा घातली आहे. पण पुढच्या महिन्याची वसुली ही नवी वसुली धरली जाते. ज्या दिवशी हप्ता जमा होतो, त्याच सुमारास ॲपची मागणीही तिथे येऊन उभी राहते.

दुसरी अडचण फोनची आहे. खातं आईच्या नावावर, बँकेत नंबर थोरल्या मुलाचा, यूपीआय धाकट्याच्या फोनवर आणि रील बघणारा नातू. पैसे कटण्याचा मेसेज येतो तो पुण्याला कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर. तो इंग्रजीत असतो आणि बँकेच्या दहा जाहिरातींत हरवतो. यूपीआयची आगाऊ सूचना कित्येकदा ॲपमध्येच येते आणि ॲपच्या सूचना बंद करून ठेवल्या असतील तर तीही दिसत नाही.

नियम कुणाच्या बाजूने आहेत?

कागदावर बघितलं तर ग्राहकाची बाजू चांगलीच भक्कम आहे.

रिझर्व्ह बँकेने 21 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकाने कार्डावरून वारंवार कटणाऱ्या पैशांसाठी नियम केले, जानेवारी 2020 मध्ये ते यूपीआयला लागू केले आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून त्यांची कडक अंमलबजावणी सुरू झाली. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात अशा आहेत.

पहिली, पैसे कटण्याच्या किमान 24 तास आधी सूचना आली पाहिजे. कोण घेणार, किती घेणार, कधी घेणार आणि कशासाठी घेणार, हे त्यात असलं पाहिजे. दुसरी, ती सूचना आल्यावर तेवढा व्यवहार किंवा पूर्ण परवानगी थांबवण्याची सोय असली पाहिजे. तिसरी, परवानगी कधीही मागे घेता आली पाहिजे. चौथी, या सोयीसाठी बँकेने ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही. फास्टॅगसारख्या काही भरण्यांना आगाऊ सूचनेतून सूट आहे. मनोरंजनाच्या किंवा शिकवणीच्या ॲपला ती नाही.

हे झालं बँकेच्या बाजूचं. कंपनीच्या बाजूने ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. डार्क पॅटर्न म्हणजे ॲपची मांडणीच अशी करायची की माणूस फसावा. असे 13 प्रकार त्यात दिले आहेत आणि त्यातला एक थेट वर्गणीच्या सापळ्याचा आहे. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करण्याचं बटण लपवणं, फुकट सेवेसाठी आधीच बँकेची माहिती किंवा पैसे कापण्याची परवानगी मागणं, आणि रद्द करण्याच्या सूचना गोंधळाच्या ठेवणं, या चारही गोष्टी त्यात येतात.

इथेच एक रुपयाचं कोडं सुटतं. फुकट वापरायला देऊन पैसे कापण्याची परवानगी घेतली तर ते सापळ्यात बसतं. एक रुपया घेतला की कंपनीला म्हणता येतं, "आम्ही फुकट दिलंच नव्हतं." हा युक्तिवाद टिकेलच असं नाही, कारण लपवलेलं बटण आणि किचकट वाट हे मुद्दे तरीही उरतात. पण वाद घालायला जागा मिळते, हे खरं. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत आपापली तपासणी करून असे प्रकार काढून टाकायला सांगितलं. स्वतःची तपासणी स्वतःच करायची, म्हणजे लाकूड तोडणाऱ्यानेच झाडं मोजायची. त्यामुळे ग्राहकाच्या तक्रारीला अजूनही पर्याय नाही.

ई-कॉमर्स नियम 2020 मध्येही कामाच्या दोन गोष्टी आहेत. आधीच टिक केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती धरता येत नाही. आणि प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची.

ॲप काढून टाकलं म्हणजे सुटलो, हा गैरसमज

सगळ्यात जास्त पैसे या गैरसमजात जातात. ॲप फोनमधून काढणं म्हणजे शेतावरची पाटी काढणं. सातबारा तसाच राहतो. परवानगी बँकेत आणि यूपीआयत नोंदलेली असते, ती तिथेच जाऊन काढावी लागते.

त्यासाठी आपण पैसे पाठवायला वापरतो ते यूपीआय ॲप उघडायचं. फोनपे, गुगल पे, पेटीएम किंवा भीम, कोणतंही असो, आपल्या फोटोवर किंवा नावावर दाबलं की आतल्या यादीत "ऑटोपे", "ऑटोमॅटिक पेमेंट" किंवा "मँडेट" असं काहीतरी दिसतं. ॲप नवीन झालं की नावं बदलतात, पण जागा साधारण तीच असते. तिथे चालू परवानग्यांची यादी येते. नको असलेल्या नावावर दाबायचं, रद्द करायचं बटण दाबायचं. रद्द करतानाही पिन विचारला जातो. आपण स्वतः उघडलेल्या ॲपमध्ये या कामासाठी पिन टाकायला हरकत नाही. काही ठिकाणी "पॉज" म्हणजे तात्पुरतं थांबवायचं बटणही असतं. त्यावर समाधान मानू नये, पूर्ण रद्द करावं.

घरात दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर प्रत्येक उघडून बघावं. एकात दिसलं नाही म्हणजे दुसऱ्यात नाही, असं धरून चालू नये.

दुसरं दार प्ले स्टोअरचं. काही ॲपची वर्गणी तिथून चालते. प्ले स्टोअर उघडून फोटोवर दाबलं की "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स" दिसतं. त्यात "सबस्क्रिप्शन्स" मध्ये जाऊन रद्द करायचं. पैसे नुकतेच कटले असतील तर 48 तासांच्या आत तिथूनच परताव्याची मागणी करावी. उशीर झाला तर थेट ॲपवाल्या कंपनीकडे मागावं लागतं.

तिसरं दार बँकेचं. फोनवर काहीच सापडत नाही, पण पासबुकात "एसीएच" किंवा "नॅच" असं लिहून पैसे कटतायत, तर ते मँडेट बँकेत कागदावर, नेट बँकिंगने किंवा आधारच्या ओटीपीने नोंदलेलं असतं. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं बँकेत टिकत नाही.

चौथं दार मोबाईल कंपनीचं. रिचार्जच्या बॅलन्समधून कॉलर ट्यून, क्रिकेट किंवा ज्योतिषाच्या नावाने पैसे जात असतील तर 155223 हा त्या सेवा बंद करण्याचा टोल फ्री नंबर आहे. ट्रायने 2013 मध्येच अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा खात्री करून घेण्याचं बंधन घातलं आहे.

रद्द झाल्यावर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. प्रत्येक मँडेटला यूएमएन नावाचा स्वतंत्र नंबर असतो, तो चित्रात आला पाहिजे. पुढे भांडण झालं तर हाच कागद. आणि हे काम वसुलीच्या दिवशी करू नये. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी उरकावं.

सगळंच तोडून मोकळं होऊ नका

ही माहिती हातात आली की काही जण रागाच्या भरात सगळ्याच परवानग्या तोडतात. त्यात नुकसान होतं.

पासबुकात मे अखेरीस 20 रुपये कटले असतील तर ती बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. 436 रुपये कटले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. 2022 च्या आधी हेच आकडे 12 आणि 330 होते. पहिल्या योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, दुसरीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. विमा 1 जून ते 31 मे असा चालतो. खात्यात पैसे नसले किंवा परवानगी तोडली तर संरक्षण संपतं. विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागलेला माणूस, अंगावर वीज पडलेली बाई, अशा घरांना 20 रुपयांचा विमा काय असतो, हे ज्याला त्याला माहीत आहे. मात्र आपल्याला न विचारता हा विमा कुणी चिकटवला असेल तर त्याचीही तक्रार करता येते आणि तो बंद करायला सांगता येतं.

अटल पेन्शनचा हप्ता, टपाल किंवा एलआयसीचा हप्ता हेही विचार करूनच थांबवावेत. आणि कर्जाच्या हप्त्याचं मँडेट तर तोडूच नये. ट्रॅक्टर, दुचाकी किंवा मोबाईलच्या कर्जाचं मँडेट तोडल्याने कर्ज फिटत नाही. हप्ता चुकल्याचा दंड लागतो, सिबिल बिघडतं आणि पुढच्या वर्षी पीककर्जाला तीच नोंद आडवी येते.

सोपा नियम असा : ज्यातून काही मिळतंय ते ठेवा, जे फेडायचंय ते भरा, जे ओळखूच येत नाही ते आधी शोधा आणि मग तोडा.

कटलेले पैसे परत मिळतात का?

याचं उत्तर परवानगी कशी गेली यावर ठरतं. तीन प्रकार वेगळे ओळखले की कुणाला धरायचं ते कळतं.

पहिला प्रकार, परवानगी दिलीच नव्हती. पिन टाकला नाही, ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले. हा अनधिकृत व्यवहार झाला. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना आपली ना बँकेची, अशा प्रकरणात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर बोजा मर्यादित राहतो. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. सहकारी बँकांसाठीही डिसेंबर 2017 मध्ये असाच नियम आला. इथे उशीर हाच शत्रू आहे.

दुसरा प्रकार, परवानगी दिली होती पण रद्द केली, तरी पैसे कटले. किंवा 24 तास आधीची सूचनाच आली नाही. इथे नियम पाळला गेला नाही, म्हणून आधी बँकेला धरायचं. रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जोडायचा आणि "आगाऊ सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवली, ते लेखी द्या" असं विचारायचं. मात्र त्याआधी घरातले सगळे फोन बघून घ्यावेत. सूचना पोराच्या फोनवर आलेली असेल तर हा मुद्दा टिकणार नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. परवानगी दिली, सूचनाही आली, पण एक रुपयाच्या नावाखाली 499 रुपयांचा होकार घेतला किंवा रद्द करायची वाट लपवली. इथे बँकेला दोष देऊन उपयोग नाही. भांडण कंपनीशी आहे आणि हत्यार ग्राहक कायदा आहे. जाहिरातीचा आणि पैसे भरायच्या पडद्याचा स्क्रीनशॉट असेल तर बाजू पक्की होते. इथे पैसे मिळतीलच अशी खात्री कुणी देऊ नये, पण न वापरलेल्या काळाचे पैसे मागणं रास्त आहे.

बँक म्हणते कंपनीकडे जा, कंपनी म्हणते बँकेकडे जा. ग्राहकाचा चेंडू होतो तो प्रकार ओळखला नाही म्हणूनच.

तक्रारीची वाट, पायरी पायरीने

पहिली पायरी, मँडेट रद्द करा. गळती थांबल्याशिवाय टाकी भरत नाही.

दुसरी पायरी, कंपनीला ईमेल किंवा ॲपमधल्या मदत विभागातून लेखी कळवा. मराठीत लिहिलं तरी चालतं. मजकूर एवढाच पुरे : "माझ्या खात्यातून अमुक तारखेला अमुक रुपये कापले. व्यवहार क्रमांक हा. जाहिरातीत 1 रुपया सांगितला होता, पुढील रक्कम स्पष्ट सांगितली नव्हती. मी सेवा वापरत नाही. वर्गणी बंद करून रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन." व्यवहार क्रमांक यूपीआय ॲपच्या इतिहासात मिळतो. तारीख आणि पोच जपून ठेवा.

तिसरी पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. व्हॉट्सॲपवर 8800001915 या नंबरवरही तक्रार घेतात. तक्रार क्रमांक मिळतो, हेल्पलाइन कंपनीशी बोलते. तिला निकाल देण्याचा अधिकार नाही, पण घरबसल्या होणारं हे काम आहे आणि खर्च शून्य.

चौथी पायरी, दोष बँकेचा असेल तर आधी बँकेत लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. नोव्हेंबर 2025 पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. ग्रामीण खातेदाराच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे.

पाचवी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. वकिलाची सक्ती नाही. कापलेल्या रकमेबरोबर झालेला त्रास आणि खर्च यांची भरपाईही मागता येते.

या सगळ्यात एक धोका सांभाळा. गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधून लावू नका. तिथे ठगांनी टाकलेले नंबर असतात. "तुमचे 499 परत करतो, पिन टाका" किंवा "हे ॲप घ्या, स्क्रीन दाखवा" असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी फसवून पैसे नेले तर लगेच 1930 वर फोन करा.

199 रुपयांसाठी कोण भांडतं?

खरा प्रश्न हाच आहे, आणि सापळा रचणाऱ्याला त्याचं उत्तर पक्कं ठाऊक असतं. तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज मिळून 199 च्या वर जातात. माणूस म्हणतो, जाऊ दे. एका माणसाचं "जाऊ दे" लहान असतं, हजारो माणसांचं मिळून धंदा होतो. रक्कम लहान ठेवणं हाच त्यातला डाव आहे.

म्हणून एकट्याने भांडण्यापेक्षा मिळून भांडणं परवडतं, आणि कायद्यात त्याची सोय आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 प्रमाणे सारखंच नुकसान झालेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही जण आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करू शकतात. कलम 16 आणि 17 तर फारसे कुणाच्या लक्षातच नाहीत. अनेक ग्राहकांच्या हक्कांना बाधा येत असेल तर त्याची लेखी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. जिल्हाधिकारी आपल्या हद्दीत चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. प्राधिकरणाला अशी प्रथा बंद करण्याचे आणि पैसे परत करण्याचे आदेश देता येतात.

म्हणजे गावातल्या वीस जणांचे एकाच ॲपने पैसे कापले असतील तर वीस हेलपाटे मारायची गरज नाही. बचत गटाच्या बैठकीत किंवा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एक यादी करावी. नाव, ॲपचं नाव, तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. त्याला एक अर्ज जोडला की जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं प्रकरण तयार होतं. महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो 1986 मध्ये आला. आज कायदा आहे, हेल्पलाइन आहे, फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. कमी आहे ती यादी करण्याची.

यंत्रणेनेही काही गोष्टी करायला हव्यात. आगाऊ सूचना मराठीत आणि ठळक आली पाहिजे. बँकेने खातं उघडतानाच विचारावं की कटतीची सूचना कोणत्या नंबरवर हवी. आणि परवानगी एका पिनाने मिळत असेल तर ती काढायलाही एकाच पिनापेक्षा जास्त खटाटोप नसावा, ही मागणी अवाजवी नाही.

तोपर्यंत घरातल्या प्रत्येक फोनमधली ऑटोपेची यादी एकदा उघडून बघावी. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी विश्वासातल्या पोराला समोर बसवून करून घ्यावं, फोन हातात देऊन निघून जाऊ नये. पिन मात्र स्वतःच टाकावा.